सातवी क, चौतीस नंबर

ठाण्यातल्या कोपरीतली आमची इमारत सोडायला आम्हाला दोन दिवस मिळाले. मी जन्मल्यापासून आम्ही तिथेच, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होतो. खाली जिन्याजवळच्या खांबाला भेग पडलेली. एक इंजिनीयर येऊन त्या भेगेवर काचेची छोटी पट्टी आडवी चिकटवून गेले. बाबांनी मला ती दाखवली. "काच शाबूत आहे तोवर भेग हलत नाही. काच तडकली तर समजायचं, इमारत हलतेय."

बाबांनी हे मला धीर द्यायला सांगितलं असणार. पण त्या दिवसापासून मी शाळेत जाता-येता श्वास रोखून त्या काचेसमोर उभी राहायचे. जुलैतल्या एका सकाळी ती मधोमध तडकलेली दिसली. सगळ्यात आधी ती मीच पाहिली. मी वर पळत गेले आणि आईला सांगितलं. आईने पहिल्यांदा गॅस बंद केला.

दोन दिवसांनी आम्ही शहाडला होतो. बाबांच्या मामेभावाचा तिथे एक फ्लॅट बंद पडून होता, तो त्यांनी आम्हाला वापरायला दिला. तिघांचं सामान एका टेम्पोत मावलं. आईचं शिलाई मशीन मात्र मागेच, एका ओळखीच्यांकडे राहिलं. तिची ब्लाउजवाली गिऱ्हाइकं सगळी कोपरीतली, त्यामुळे मशीन आणायची घाई करण्यात अर्थ नव्हता. नव्या घरात आई भिंतीला एक खिळा ठोकू देत नव्हती. कॅलेंडरसुद्धा तिने खुर्चीवर टेकवून ठेवलेलं. बाबा ठाण्यातच, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मशीनवर होते. तिथे जायला ते पहाटेच निघायचे. निघण्याआधी हातातला चहा तसाच ठेवून ते बाथरूमच्या छताकडे बघत उभे राहायचे. मी बारा वर्षांची होते. आपले आईबाबा घाबरलेत, हे मला कळत होतं, पण कळलंय असं दाखवायचं नसतं, हेही कळत होतं.

कल्याणातल्या मुलींच्या एका मोठ्या शाळेत मला प्रवेश मिळाला. ऑगस्ट सुरू झालेला. ऑफिसमधल्या क्लार्कने बाबांकडे जुन्या शाळेचा दाखला मागितला. बाबांकडे तो नव्हता. ते म्हणाले, "आठ दिवसांत आणून देतो." क्लार्कने तसं लिहून घेतलं, बाबांची सही घेतली आणि माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. बाबांनी त्या दिवसापुरती पाळी बदलून घेतलेली, त्यांना दुसऱ्या पाळीला पोचायचं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "घाबरू नकोस गं," म्हणाले आणि निघून गेले. शाळेच्या मावशींनी चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून वाचली. "सातवी क. चल बाळा, दुसरा मजला."

वर्गात साठेक मुली होत्या. क च्या नेहमीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी चित्रकलेच्या बाई हजेरी घ्यायला यायच्या. त्या वेळी त्या फळ्यावर काहीतरी पुसत होत्या. मावशींनी मला दारातून आत ढकललं आणि त्या गेल्या. बाईंनी मागे वळून न बघताच म्हटलं, "उशीर? बस, बस जागेवर." माझी जागा कुठे होती? तिसऱ्या बाकावर एका मुलीशेजारी मोकळी जागा दिसली, तिथे जाऊन मी बसले.

त्या वर्गात मुलींना हजेरीच्या नंबराप्रमाणे बसवलेलं, हे मला माहीत नव्हतं. बाई नंबर वाचत गेल्या. "बत्तीस?" "हजर बाई." "तेहतीस?" माझ्या शेजारची म्हणाली, "हजर बाई." "चौतीस?" कोणी बोललं नाही. बाईंनी मान वर केली आणि त्यांची नजर तेहतीसच्या शेजारी, म्हणजे थेट माझ्यावर आली.

"अगं, झोपलीस का? चौतीस?"

मी म्हणाले, "हजर."

बाईंनी पेनाने खूण केली आणि पुढचा नंबर घेतला. शेजारच्या मुलीने माझ्याकडे मान वळवली. तिच्या दोन घट्ट वेण्या होत्या आणि वरच्या ओठावर शाईचा डाग. ती नुसती बघत राहिली. मला वाटलं, नवीन आहे म्हणून बघतेय.

मधल्या सुट्टीत तिने माझ्या दप्तराचा पट्टा धरला.

"ए. तू चौतीस नाहीयेस."

"बाई म्हणाल्या ना..."

"त्या ड्रॉइंगच्या बाई आहेत, त्यांना काय माहीत? चौतीस माझी मैत्रीण आहे. तिला कावीळ झालीये, घरी आहे ती."

मी उठायला लागले. "मग मी बाईंना सांगते, चुकून झालं."

"थांब." तिने पट्टा सोडला नाही. "तुझं नाव घेतलं का बाईंनी? शेवटी?"

घेतलं नव्हतं. हजेरी एकसष्टवर संपलेली आणि त्यात माझा नंबर कुठेच नव्हता. हे लक्षात आल्याबरोबर मला क्लार्कने लिहून घेतलेला तो कागद आठवला. दाखला नाही म्हणून नाव नाही. म्हणजे मला अजून शाळेत घेतलेलंच नाही, नुसतं बसू दिलंय, असा अर्थ मी लावला. आता तोंड उघडलं तर बाई रजिस्टर बघणार, नाव नाही म्हणणार, आणि मला गेटबाहेर उभं करणार. शहाडला परत कसं जायचं, कुठून रिक्षा धरायची, हे तर मला धड माहीतही नव्हतं.

तेहतीस विचार करत होती. मग ती म्हणाली, "देत राहा हजेरी. मागच्या वर्षी पण तिचे लय दिवस बुडालेले. या वर्षी दिवस भरले नाही तर तिला परत सातवीत बसवणार. तू दिलीस तर तिचे दिवस भरतील. तुझं नाव येईल तेव्हा बघू."

"आणि कोणी सांगितलं तर?"

"कोण सांगणार? मी बघते ना." मग तिने सावकाश म्हटलं, "तू सांगितलंस तर मात्र बघ."

काय बघ, ते तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

असे माझे दिवस सुरू झाले. रोज साडेबाराला शाळा भरायची. शेअर रिक्षात आई मला स्वतःजवळ, आतल्या बाजूला बसवायची. शाळेच्या गेटपाशी ती उभी राहायची आणि मी जिना चढेपर्यंत बघत असायची. वर वर्गात गेले की मी आधी छत बघायचे. आमच्या बाकाच्या वर पंख्यापासून एक बारीक रेघ निघून भिंतीपर्यंत गेलेली. ती रंगाची रेघ होती की भेग, ते मला कळायचं नाही. मग बाई यायच्या. एकतीस, बत्तीस, तेहतीस. मी नंबर यायच्या आधीच तोंडात शब्द तयार ठेवायचे. तो कधी चिरका निघायचा, कधी निघायचाच नाही, मग तेहतीस बाकाखालून कोपराने ढोसायची.

वर्गातल्या साठ मुलींना हे माहीत होतं, आणि मला सगळ्यात भीती वाटायची ती याचीच. तेहतीसने त्यांना काय सांगितलेलं कोण जाणे, पण कोणी बोललं नाही. त्या मला 'नवी चौतीस' म्हणायच्या. पाण्याच्या नळाशी, जिन्यात, "नवी चौतीस, सरक." माझं खरं नाव कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. रोज कुणा ना कुणाचा चेहरा बघून मला वाटायचं, ही आज सांगणार. पाणी प्यायले तर बाथरूमला जावं लागेल, तिथे ऑफिसवरून जावं लागतं आणि क्लार्क मला ओळखेल, म्हणून मी पाणी प्यायचं सोडलं. संध्याकाळी घरी जाऊन मी उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायचे. आई म्हणायची, "अगं, शाळेत नळ नाहीत का?"

आई वह्यांवर लेबलं लावायला बसली तेव्हा तिने विचारलं, "तुकडी कुठली?"

"ते कोरं ठेव. बाई सांगणारेत."

"अजून सांगितली नाही?"

"नाही ना. दाखला आला की सांगणार असतील."

आईने बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "या आठवड्यात जातो. सुट्टी मिळाली की जातो." त्यांचा आवाज इतका थकलेला होता की मी पुढे काही बोलले नाही. रोज ते विचारायचे, "शाळा कशीये?" मी सांगायचे, "मस्त." ते ऐकलं की आईच्या कपाळावरची एक आठी तरी कमी व्हायची. त्या घरात सगळं ठीक चाललंय असं म्हणता येण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे माझी शाळा. ती मी कशी मोडणार?

दहाव्या की बाराव्या दिवशी चित्रकलेच्या बाई आल्या नाहीत. त्यांच्याऐवजी एक वयस्कर सर आले. त्यांनी चष्मा लावला, रजिस्टर उघडलं आणि नंबर नाही, नावं वाचायला सुरुवात केली. पूर्ण नावं. मुलीचं, वडिलांचं, आडनाव.

मी तेहतीसकडे बघितलं. तिचाही चेहरा उतरलेला. तिने ओठ न हलवता म्हटलं, "दे."

सरांनी तिचं नाव वाचलं. मग त्यांनी चौतीसचं नाव वाचलं. ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. सुंदर नाव होतं. इतके दिवस मी फक्त एका नंबराला ओ देत होते, आणि आता समोर एक मुलगी होती, तिच्या वडिलांसकट. 

"हजर सर."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "कावीळ झालेली ती तूच ना? तुझ्या वडिलांचा रजेचा अर्ज माझ्याकडे आलेला."

मी मान हलवली.

"बरं वाटतंय आता?"

मी परत मान हलवली.

"डोळे स्वच्छ दिसतायत. पण जप हां. तेलकट अजिबात खायचं नाही. उसाचा रस पी."

नेमक्या त्याच दिवशी आईने डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी दिलेली. नव्या गावात आल्यापासून पहिल्यांदाच तिने हौसेने काही केलं होतं. मधल्या सुट्टीत सर व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. मी डबा उघडला आणि बंद केला. तेहतीसने तो माझ्या हातातून घेतला. "तुला कावीळ आहे. तेलकट नाही खायचं," असं म्हणून तिने एकेक करत सगळ्या पुऱ्या खाल्ल्या. मागच्या बाकावरच्या मुली हसून लोळायच्या बाकी होत्या. एकीने मला मूठभर कुरमुरे दिले. "हे घे, पेशंट." मीही हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसले, आणि हसता हसता लक्षात आलं की आता या सगळ्या जणी माझ्या बाजूने आहेत. त्यानंतर भीती कमी व्हायला हवी होती. ती वाढली. आधी फक्त शाळेतून काढतील याची भीती होती. आता या मुलीही जातील याची भीती वाटू लागली, कारण खरी चौतीस कधीतरी येणारच होती.

तेहतीस तिच्याकडे दर रविवारी जायची आणि सोमवारी मला बातमी द्यायची. "अजून डोळे पिवळे आहेत." त्या बातमीने मला सुटल्यासारखं व्हायचं. कुणाचे तरी डोळे पिवळे राहावेत असं मला वाटतंय, हे कळत असूनही वाटायचं.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, एका गुरुवारी, इतिहासाचा तास चालू होता. मी खिडकीच्या बाजूला बसलेले. खाली गेटमधून दोन माणसं घाईघाईने आत आली. पुढे बाबा होते, कंपनीच्या निळ्या कपड्यांत. मागे आई होती आणि तिच्या अंगावर घरातला गाऊन होता, वर ओढणी. माझी आई गाऊनवर खालच्या मजल्यावर दूध आणायलासुद्धा जायची नाही. ती शहाडवरून कल्याणात तशी आली होती.

माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर इमारत. शहाडची इमारत पडली. पण मग आई इथे होती, बाबा इथे होते, मी इथे होते. आमच्यात चौथं कोणी नव्हतं. मग कशाला आलेत? आणि मग उत्तर समजलं. माझ्यासाठी आलेत. पकडली गेले.

ती दोघं ऑफिसच्या बाजूला दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावर पावलं वाजली, दारं उघडल्या-मिटल्याचे आवाज आले. मग आमच्या दारात शिपाईकाका आले. त्यांनी इतिहासाच्या सरांना एक कागद दिला. सरांनी तो वाचला आणि वर्गाकडे बघून माझं नाव घेतलं. माझं, बाबांचं, आमचं आडनाव. त्या वर्गात ते पहिल्यांदाच उच्चारलं गेलं.

"या नावाची कोणी मुलगी आहे का इथे? नवीन आलेली. आई-वडील शोधतायत."

तेहतीसला माझं नाव वह्यांवरून माहीत होतं. ती सरळ फळ्याकडे बघत बसली. बाकीच्यांना माहीत नव्हतं, पण नवीन म्हटल्यावर त्यांच्या माना माझ्याकडे वळू लागल्या. मी उठले नाही. मला उठायचं होतं की नव्हतं, ते आजही सांगता येणार नाही. बाकाला चिकटल्यासारखी बसून राहिले. सरांना काही दिसलं नाही. "नाहीये इथे," ते म्हणाले. शिपाईकाका पुढच्या वर्गाकडे गेले.

मी खाली बघितलं. बाबा मैदानाच्या मध्यभागी उभे राहून फोनवर कोणाशी तरी बोलत होते, एक हात डोक्यावर. आई नळांच्या ओट्यापाशी गेली, ओट्याला हात लावला आणि तिथेच ओल्या फरशीवर खाली बसली. कोणीतरी पाय काढून घेतल्यासारखी बसली.

तेहतीस हळू आवाजात म्हणाली, "ती तुझी आई आहे?"

मी हो म्हणाले असेन.

"अगं मग जा ना! ती रडतेय. जा!"

तिने बाकावरून उठून मला वाट करून दिली. सर "ए, कुठे?" म्हणेपर्यंत मी दाराबाहेर होते. दोन मजले मी कशी उतरले, ते आठवत नाही. मैदानात आल्यावर बाबांनी मला बघितलं आणि त्यांच्या हातातला फोन तसाच कानाला राहिला. आई उठली. तिने माझ्याजवळ येऊन एक सणसणीत थप्पड मारली आणि त्याच हाताने मला ओढून पोटाशी धरलं. तिचा गाऊन खालून ओला झालेला. 

"कुठे होतीस?" बाबांनी विचारलं. "शाळेत कुठेच नव्हतीस. तीन आठवडे एकदाही आलेली नाहीस म्हणतायत. रोज घरून निघून कुठे जातेस तू?"

"वर्गात."

"कुठल्या वर्गात?"

"सातवी क."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "तुझं नाव सातवी फ मध्ये आहे," ते म्हणाले.

मोठ्या बाईंच्या खोलीत सगळे जमले. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. क्लार्क होते, चित्रकलेच्या बाई होत्या, मला वर नेणाऱ्या मावशी होत्या. फ च्या वर्गशिक्षकांनी, नवीन मुलगी एकदाही आली नाही, असं ऑफिसला कळवलेलं आणि ऑफिसने बाबांना कंपनीत फोन केलेला. बाबांनी घरी फोन केला तर आई म्हणाली, ती तर आत्ता गेली, मी स्वतः गेटपर्यंत सोडली. त्यानंतरचा तास त्या दोघांनी कसा काढला, ते मी मोठी झाल्यावरही कधी विचारलं नाही.

माझ्या कंपासपेटीत ती पहिल्या दिवशीची चिठ्ठी होती. मोठ्या बाईंनी ती टेबलावर सरळ केली. सगळे वाकले. क्लार्क म्हणाले, "फ आहे की. स्पष्ट फ आहे."

मावशी म्हणाल्या, "मला क दिसला."

चित्रकलेच्या बाईंनी चिठ्ठी उचलून उजेडाकडे धरली. "मला अजूनही क च दिसतोय," त्या म्हणाल्या.

मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "तीन आठवडे तू दुसऱ्या मुलीच्या नंबरवर हजेरी देत होतीस. एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

मी खाली बघत राहिले. आईचा हात माझ्या मनगटावर होता आणि तो घट्ट होत गेला.

"बोल."

"दाखला नव्हता," मी म्हणाले. "मला वाटलं, मला घेतलेलंच नाहीये."

 बाबांनी तोंड फिरवलं आणि ते भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत उभे राहिले. मग चित्रकलेच्या बाई पुढे आल्या. "मॅडम, पहिल्याच दिवशी मी हिला नाव विचारायला हवं होतं. ही दारात उभी होती आणि मी फळा पुसत होते. हिला एकटीला नका बोलू." मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की या दोघींचं बोलणं नंतर, आम्ही गेल्यावर होणार, हे मलाही कळलं. तरी त्या मागे हटल्या नाहीत.

रजिस्टर आणलं गेलं. चौतीसच्या ओळीतल्या माझ्या सगळ्या हजेऱ्यांवर मोठ्या बाईंनी लाल पेनाने एकेक करत काट मारली. दाराबाहेर तेहतीस उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती काचेतून ते लाल पेन बघत होती आणि मी बाहेर आले तेव्हा ती माझ्याकडे न बघता जिना चढून गेली. मी तिचं नाव कोणालाही सांगितलं नाही, हे तिला माहीत नव्हतं. ते सांगायला मी तिच्या मागे गेले नाही.

रिक्षात बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. मागे आई आणि मी. आई म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरली असतीस."

"मी?"

"तू आधीच घाबरलीयेस. बाबा पण."

 आईने माझ्या गालावर, जिथे मारलेलं तिथे हात ठेवला आणि शहाड येईपर्यंत काढला नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी बिनपगारी रजा टाकली आणि ठाण्याला जाऊन दाखला घेऊन आले.

सातवी फ मध्ये माझा पहिला दिवस शुक्रवारी होता. तिथे मला सगळे ओळखत होते. 'ती हरवलेली मुलगी' म्हणून. वर्गशिक्षकांनी नाव घेतल्यावर मी उभीच राहिले आणि बसायचं विसरले. मुली हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नसावं, पण मला क च्या वर्गातले ते कुरमुरे आठवले आणि रडू आलं. मधल्या सुट्टीत मी क च्या दारावरून दोनदा गेले. तेहतीस आत होती. तिने मान वळवली.

गणपतीची सुट्टी संपल्यावर एके दिवशी आमच्या वर्गाच्या दारात दोन मुली आल्या. एक तेहतीस. दुसरी उंच, खूप बारीक, गणवेशाचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळलेला. मी बघताक्षणी ओळखलं. पळून जायला मागे दुसरं दार नव्हतं.

ती माझ्या बाकापाशी आली. "तू होतीस ना माझ्या जागेवर?"

"हो." आणि लगेच मी म्हणाले, "सॉरी. तुझे दिवस कापले गेले माझ्यामुळे."

"दिवस माझे नव्हतेच ना. पप्पांनी डॉक्टरचं सर्टिफिकेट दिलंय, काय होत नाही." तिने तेहतीसकडे बघितलं. "हिला किती वेळा सांगितलेलं मी. ऐकत नाही." तेहतीसने खांदे उडवले आणि खिडकीबाहेर बघायला लागली. "मला तुझी भूगोलाची वही पाहिजे. आणि विज्ञानाची. माझ्या जागेवर बसून लिहिलेली."

"तिची घे ना," मी म्हणाले.

"हिचं अक्षर वाचून परत कावीळ होईल."

तेहतीस म्हणाली, "ए!"

मी दोन्ही वह्या दिल्या.  चार दिवसांनी तिने त्या परत आणल्या. भूगोलाच्या वहीत मी नकाशे काढलेले, पण रंगवलेले नव्हते, कारण त्या दिवसांत हजेरीनंतर माझं कशातच लक्ष नसायचं. तिने सगळे रंगवून आणलेले. नद्या निळ्या, डोंगर तपकिरी, किनाऱ्याला बारीक फिकट छटा, कुठेही रेघेबाहेर न जाता.

"घरचे बाहेर खेळायला जाऊ देत नव्हते अजून," ती म्हणाली. "वेळच होता."

तेहतीस माझ्याशी बोलायला दिवाळी उजाडली. तोवर मधल्या सुट्टीत आम्ही तिघी नळापाशी उभ्या असायचो तेव्हा ती फक्त चौतीसशी बोलायची आणि मी ऐकायचे. मी तरीही रोज जायचे. एकदा तिने डबा उघडला, त्यात थालीपीठ होतं. तिने त्याचा तुकडा मोडून चौतीसला दिला, दुसरा मोडला आणि माझ्याकडे न बघताच हात पुढे केला.

मी तो घेतला आणि नळावर जाऊन पोटभर पाणी प्यायले.